'माझ्याकडे तर चालतंय': ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी व्हिडिओ आणि ऑडिओ फाइल तयार करताना

माझा पहिला ऑनलाइन धडा ४२ मिनिटांचा होता. फोनवर रेकॉर्ड केला, अडीच जीबीची फाइल झाली, ती रात्रभर अपलोडला लावली आणि सकाळपासून निरोप यायला लागले. काही जणांना नुसता आवाज ऐकू येत होता, चित्राच्या जागी काळा पडदा. काहींकडे व्हिडिओ सुरूच होत नव्हता, नुसतं चक्र फिरत होतं. एका विद्यार्थिनीने कळवलं की आवाज फक्त डाव्या कानात येतोय. मी माझ्या संगणकावर तीच फाइल उघडून पाहिली, तर ती व्यवस्थित चालत होती.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी होती आणि ती सापडायला मला बरेच महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. शिकवणं तुम्हाला येतंच. अडतं ते कॅमेऱ्यातून निघालेली फाइल विद्यार्थ्याच्या फोनपर्यंत धड पोहोचवण्यात. खाली पायऱ्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. पहिला धडा करताना हा क्रम मोडू नका.

## १. आधी हे जमवा

यातली सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत.

- रेकॉर्डिंगसाठी फोन किंवा वेबकॅम. स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल तर ओबीएस स्टुडिओ.
- कॉलरला लावायचा साधा माइक. पैसे एकाच गोष्टीवर घालवता येणार असतील तर माइकवर घालवा, कॅमेऱ्यावर नको.
- कानांवर बसणारे वायरचे हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे आवाज आणि ओठांचा मेळ तपासताना ते फसवतात.
- आवाज दुरुस्त करायला ऑडॅसिटी.
- कापाकापीसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह.
- फाइल लहान करायला हँडब्रेक.
- फाइलच्या पोटात काय आहे ते पाहायला मीडियाइन्फो किंवा व्हीएलसी.
- मूळ रेकॉर्डिंग ठेवायला वेगळी हार्ड डिस्क.
- आणि एक जुना, कमी ताकदीचा फोन. तो शेवटच्या पायरीला लागणार आहे.

## २. डबा वेगळा, आतला जिन्नस वेगळा

सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या. एमपी४ म्हणजे व्हिडिओचा प्रकार नव्हे. तो नुसता डबा आहे. त्या डब्यात चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक प्रवाह असतो, कधी सबटायटलही असतात. चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून बसवलेले असतात तिला कोडेक म्हणतात. दोन फाइलींच्या नावापुढे एमपी४ लिहिलेलं असलं तरी एकीत एच.२६४ असू शकतं आणि दुसरीत एच.२६५. पहिली जवळजवळ सगळीकडे चालेल. दुसरी तुमच्या फोनवर झकास चालेल आणि कुणाच्या तरी ब्राउझरमध्ये काळा पडदा दाखवेल.

माझ्या पहिल्या तक्रारीचं मूळ हेच होतं. एच.२६४ हे २००३ सालचं मानक, एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी २०१३ सालचं. नवं तंत्र तेवढ्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवतं, म्हणून फोन कंपन्यांनी ते उचललं. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून 'हाय एफिशिअन्सी' या नावाखाली त्यातच रेकॉर्ड करतात. ब्राउझरमध्ये मात्र त्याला सरसकट आधार मिळाला नाही. अशा वेळी ब्राउझरला आवाजाचा प्रवाह उलगडतो, चित्राचा उलगडत नाही, आणि विद्यार्थ्याला नुसता आवाज ऐकू येतो.

म्हणून एक जोडी पाठ करून ठेवा: एमपी४ डबा, चित्राला एच.२६४, आवाजाला एएसी. नुसती ऑडिओ फाइल असेल तर एमपी३, किंवा एएसी असलेली एम४ए. व्हीपी९, एव्ही१, ओपस ही नवी कोडेक चांगली आहेत, पण ज्याला पहिला धडा बिनतक्रार पोहोचवायचा आहे त्याने अजून त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हातातल्या फाइलमध्ये काय आहे ते पाहायला ती व्हीएलसीत उघडा आणि 'टूल्स' मेनूतून 'कोडेक इन्फर्मेशन' निवडा. चित्राचा आणि आवाजाचा कोडेक तिथे वेगवेगळा लिहिलेला दिसतो.

इथले तीन सापळे:

फाइलचं नाव बदलून प्रकार बदलत नाही. एमओव्ही हे शेपूट खोडून एमपी४ लिहिलं तर फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते.

मेसेजिंग अॅपवरून आलेल्या आवाजी नोंदी बहुधा ओपस कोडेकमध्ये असतात. पाहुण्या शिक्षकाने अशी नोंद पाठवली तर ती तशीच चढवू नका, एमपी३ करून घ्या. व्हिडिओ तर मेसेजिंग अॅपवरून मागवूच नका. तिथे तो आपोआप दाबला जातो आणि फळ्यावरची अक्षरं पुसट होतात. ड्राइव्हची लिंक मागा.

जुने अभ्यासक्रम. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. जुन्या संग्रहातल्या एफएलव्ही फाइलींचं रूपांतर करता येतं. एसडब्ल्यूएफ मात्र व्हिडिओ नसून एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो धडा नव्याने रेकॉर्ड करणंच सोपं जातं.

## ३. रेकॉर्डिंग: आधी कान, मग डोळे

चित्र थोडं धूसर असलं तरी विद्यार्थी धडा पूर्ण पाहतो. आवाज घुमत असेल तर पाच मिनिटांत सोडून देतो. आणि घुमणारा आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सुधारत नाही. पंख्याची घरघर काढता येते, खोलीचा घुमारा काढणं फार अवघड आहे. रिकाम्या भिंतींची खोली टाळा. पडदे, पुस्तकांची कपाटं, गाद्या-उशा आवाज शोषून घेतात. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. संगणकातला माइक दोन हात लांब असतो आणि तो तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकतो.

आवाजाची पातळी अशी लावा की सर्वांत मोठ्याने बोललात तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की लाटेचा माथा छाटला जातो, आणि छाटलेला भाग परत मिळत नाही. कमी पातळीचा आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. शंका आली तर कमीच ठेवा.

प्रत्यक्ष बोलायच्या आधी पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेवा. ती शांतता पाचव्या पायरीला कामाला येते.

चित्राच्या बाजूने चार गोष्टी. फोन आडवा धरा. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' किंवा एच.२६४ असा पर्याय असेल तर तो निवडा आणि एचडीआर (उजेड-सावलीचा फरक वाढवून दाखवणारा प्रकार) बंद करा, नाहीतर रूपांतरानंतर रंग फिकट, धुरकट दिसतात. दर्जा १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, पुरे, धड्याला फोर-के लागत नाही. आणि उजेड भरपूर घ्या. उजेडाचा फाइलच्या आकाराशी थेट संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. कोडेक एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत जे बदललं तेवढंच प्रामुख्याने साठवतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणेदार ठिपके येतात, ते दर फ्रेमला वेगळे असतात, आणि कोडेकला ती सगळी हालचाल वाटते. त्याच कारणाने मागे हलणारी झाडं किंवा फिरता पंखा असेल तर फाइल फुगते. मागची भिंत स्थिर, पुढे उजेड, एवढ्यानेच फाइल बरीच हलकी होते.

ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड करणार असाल तर फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा संगणक अडकला तर ती लिहिलीच जात नाही आणि तासाभराचं काम उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो. नंतर ओबीएसच्याच 'फाइल' मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने त्याचा एमपी४ करा. यात फक्त डबा बदलतो, आतला जिन्नस तसाच राहतो, म्हणून दर्जा घटत नाही आणि काम काही क्षणांत होतं.

## ४. मूळ फाइलला हात लावू नका

कॅमेऱ्यातून आलेली फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरात ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि यापुढचं सगळं काम तिसऱ्या प्रतीवर करा. प्रत्येक वेळी नव्याने दाबताना थोडा तपशील गळतो. दाबलेली फाइल कापून पुन्हा दाबली, मग तीच पुन्हा सुधारून दाबली, की तिसऱ्या फेरीला अक्षरांभोवती ठिपके दिसायला लागतात. सुधारणा करायची असेल तेव्हा मुळापासून करा. संपादनाची प्रोजेक्ट फाइलही जपून ठेवा. सहा महिन्यांनी एकच वाक्य बदलायचं असतं आणि तेव्हा तिची आठवण येते.

नावं रोमन लिपीतली लहान अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढ्यांचीच द्या. जागा सोडू नका, कंस, स्वल्पविराम नकोत. देवनागरी नावं आपल्याला वाचायला बरी वाटतात, पण झिप फाइलमधून किंवा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना त्यांची अनेकदा अगम्य चिन्हं होतात आणि धड्यातला दुवा तुटतो. धड्याचं देवनागरी शीर्षक पानावर द्या, फाइलला नको. आकडे ०१, ०२ असे दोन अंकी लिहा, नाहीतर यादीत १ नंतर थेट १० येतो.

'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' अशी नावं टाळा. तारीख टाका, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

## ५. आवाज दुरुस्त करा

व्हिडिओ कापायच्या आधी मी आवाज साफ करतो. ऑडॅसिटीत थेट एमपी४ उघडायला एफएफएमपेग नावाची जोड लागते. ती बसवली की पुढचं हे:

पहिलं, एकाच कानातला आवाज. माझी तिसरी तक्रार. अनेक कॉलर माइक स्टिरिओ ट्रॅकच्या फक्त एका बाजूला आवाज भरतात. स्पीकरवर ऐकताना ते कळतही नाही, म्हणून हेडफोन लागतात. ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, रिकामा ट्रॅक काढून टाका. उरलेला मोनो ट्रॅक दोन्ही कानांत सारखा वाजतो.

दुसरं, घरघर. सुरुवातीची ती पाच सेकंदांची शांतता निवडा, 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग सगळा ट्रॅक निवडून तोच परिणाम लावा. ६ ते १२ डेसिबल पुरे होतात. हव्यासाने २० केलं तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. थोडी घरघर राहिलेली चालते.

तिसरं, खालची गुणगुण. 'हाय-पास फिल्टर' ८० हर्ट्झला लावला की टेबलाचे धक्के आणि यंत्रांची गुणगुण कमी होते. माणसाचं बोलणं शाबूत राहतं.

चौथं, सगळ्या धड्यांची पातळी एक. एक धडा हळू आणि पुढचा कर्कश असेल तर विद्यार्थी सतत आवाजाचं बटण शोधत राहतो. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा परिणाम कानाला जाणवणारी पातळी मोजतो. तिचं एकक एलयूएफएस. दूरदर्शन प्रसारणाचं युरोपीय मानक उणे २३ आहे, ऑडॅसिटीतही सुरुवातीला तोच आकडा दिसतो. फोनच्या स्पीकरवर ऐकायच्या बोलण्याला तो हळू पडतो. मी उणे १६ ठेवतो. मग माथे उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नयेत म्हणून लिमिटर लावतो.

मोठा सापळा: हा आवाज परत व्हिडिओला जोडायचा असेल तर ऑडॅसिटीत काहीही कापू नका. इथे दोन सेकंदांचा खोकला कापलात तर त्यापुढचं सगळं बोलणं ओठांच्या दोन सेकंद आधी येतं. खोकला निःशब्द करा, कापू नका. कापायचं काम पुढच्या पायरीला, चित्र आणि आवाज एकत्र असताना.

दुरुस्त आवाज डब्ल्यूएव्ही म्हणून बाहेर काढा, ४८ किलोहर्ट्झला. ही फाइल जड असते, मोनोला मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी, पण ती फक्त मधल्या कामापुरती आहे.

## ६. संपादन

कापाकापीबद्दल फार सांगत नाही, प्रत्येकाची पद्धत वेगळी. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, लांबी. २०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे गेला नव्हता. याचा अर्थ प्रत्येक विषय सहा मिनिटांत कोंबा असा मी घेत नाही. गणिताची एखादी सिद्धता १२ मिनिटं घेते, तर घेऊ द्या. पण ४२ मिनिटांचं सलग व्याख्यान एका फाइलमध्ये ठेवायला मला आता एकही कारण सुचत नाही. मी त्या धड्याचे सहा तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. त्याचा दुसरा फायदा असा की एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो.

दोन, आवाज हळूहळू निसटणं. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, विसाव्या मिनिटाला अर्ध्या सेकंदाचा फरक पडलेला असतो. याचं नेहमीचं कारण बदलता फ्रेम रेट. फोन कमी उजेडात स्वतःच फ्रेम कमी करतो, ऑनलाइन बैठकीचं रेकॉर्डिंगही तसंच. संपादनाचं सॉफ्टवेअर मात्र सेकंदाला ३० फ्रेम ठरलेल्या आहेत असं धरून चालतं. आवाज सरकवून हे दुरुस्त करायला जाऊ नका, एका जागी जुळवलात की दुसरीकडे निसटतो. संपादनाच्या आधी मूळ फाइल हँडब्रेकमधून चांगल्या दर्जाला काढा आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. मग ती संपादनाला घ्या.

## ७. फाइल लहान करणं

माझ्या दुसऱ्या तक्रारीचं, म्हणजे फिरत्या चक्राचं, उत्तर इथे आहे. आधी एक हिशेब शिका, कारण तो आला की पुढचे सगळे निर्णय स्वतः घेता येतात.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्र-आवाजाला किती बिट लागतात. किलोबिट गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे किलोबाइट. आठ मिनिटांचा धडा म्हणजे ४८० सेकंद. चित्र आणि आवाज मिळून १,००० किलोबिट धरा. ४८० × १,००० ÷ ८ = ६०,००० किलोबाइट, म्हणजे ६० एमबी. असे २० धडे म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा १.२ जीबी डेटा. हा आकडा समोर आला की 'उगीच जास्त दर्जा कशाला' हे आपोआप कळतं.

हँडब्रेकमध्ये मी असं करतो:

1. 'फास्ट १०८०पी३०' किंवा 'फास्ट ७२०पी३०' हा तयार साचा निवडतो. चेहरा आणि फळा असेल तर ७२०, बारीक अक्षरांची स्क्रीन असेल तर १०८०.
2. 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या चौकटीत खूण करतो. ही विसरू नका, का ते खाली सांगतो.
3. व्हिडिओ विभागात एच.२६४ आहे ना पाहतो आणि 'कॉन्स्टंट क्वालिटी' २२ ते २४ ठेवतो. हा आकडा उलटा चालतो: लहान आकडा म्हणजे जास्त दर्जा आणि मोठी फाइल. मात्र या पद्धतीत फाइल किती मोठी होणार ते आधी नक्की कळत नाही. स्लाइडचा धडा अगदी छोटा होतो, प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक मोठं. ते योग्यच आहे, कारण जिथे हालचाल जास्त तिथे जास्त बिट जातात.
4. आवाजाला एएसी, मोनो, ९६ किलोबिट. एका माणसाच्या बोलण्याला स्टिरिओची गरज नाही. संगीताचा अभ्यासक्रम असेल तर स्टिरिओ आणि १९२.
5. आधी एकाच मिनिटाचा तुकडा काढून पाहतो. तो पसंत पडला तरच सगळे धडे रांगेत लावतो.

आता ती 'वेब ऑप्टिमाइझ्ड'ची खूण. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कुठे आहे त्याची यादी, बहुतेक सॉफ्टवेअर फाइलच्या शेवटी लिहितात. तुमच्या डिस्कवर त्याने काही बिघडत नाही. पण ब्राउझरला व्हिडिओ सुरू करायला आधी ही यादी लागते. सर्व्हर फाइलचा मधलाच किंवा शेवटचा तुकडा मागितल्यावर देत नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत प्लेअर थांबून राहतो. ही खूण केली की यादी फाइलच्या डोक्याशी येते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो. माझी अडीच जीबीची फाइल नेमकी इथेच अडकली होती.

प्रत्येक धड्याची नुसती ऑडिओ प्रतही काढा. ६४ किलोबिट मोनोला तोच आठ मिनिटांचा धडा ३.८ एमबी होतो, म्हणजे व्हिडिओच्या साधारण पंधराव्या भागाइतका. ज्यांच्याकडे नेटवर्क जेमतेम आहे त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. फक्त रेकॉर्ड करतानाच बोलण्याची एक सवय लावून घ्या: 'हे इथे बघा' असं न म्हणता 'डावीकडची लाल रेघ बघा' म्हणा. ऐकणाऱ्यालाही कळतं आणि ज्याला दिसत नाही त्यालाही.

## ८. सबटायटल आणि लिखित उतारा

हे काम वेळ उरला तर करायचं असं बरेच जण धरतात. मी तसं धरत नाही. वेबवरच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल आणि नुसत्या ऑडिओला लिखित उतारा ही सर्वांत खालच्या, म्हणजे 'ए' पातळीची अट आहे. ऐकू न येणाऱ्यांना ते लागतंच, पण गोंगाटात बसलेल्याला, भाषा नव्याने शिकणाऱ्याला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकच व्याख्या शोधणाऱ्यालाही ते लागतं.

ब्राउझरचा स्वतःचा प्रकार वेबव्हीटीटी. जुना आणि जास्त पसरलेला प्रकार एसआरटी. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. फरक थोडे, पण अडवणारे:

- वेबव्हीटीटी फाइलची पहिली ओळ म्हणजे रोमन मोठ्या लिपीत लिहिलेलं हेच नाव. ती नसेल तर ब्राउझर फाइल वाचतच नाही.
- वेळ लिहिताना सेकंदांनंतर वेबव्हीटीटीत टिंब येतं, एसआरटीत स्वल्पविराम. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच हवेत.
- फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. तसं केलं नाही तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

आपोआप तयार होणारी सबटायटल सुरुवातीचा कच्चा मसुदा म्हणून घ्या, पण ओळन् ओळ वाचल्याशिवाय लावू नका. विशेषनामं, सूत्रं आणि पारिभाषिक शब्द नेमके चुकतात, म्हणजे ज्यासाठी धडा आहे तेच. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. आणि सबटायटल चित्रात कायमची छापू नका. वेगळी फाइल असेल तर विद्यार्थी ती बंद करू शकतो, तुम्ही चूक दुरुस्त करू शकता.

## ९. फाइल ठेवायची कुठे?

दोन वाटा आहेत: अभ्यासक्रम ज्या ऑनलाइन शिक्षण व्यवस्थेवर (मूडलसारख्या सॉफ्टवेअरवर) चालतो तिच्या सर्व्हरवर थेट चढवणं, किंवा व्हिडिओ साठवणाऱ्या सेवेवर ठेवून धड्यात फक्त जोडणं. माझं मत स्पष्ट आहे. ऑडिओ आणि अगदी छोटे व्हिडिओ थेट ठेवा, बाकी सगळं व्हिडिओ सेवेवर. अशा सेवा एकाच व्हिडिओच्या अनेक आकारांच्या प्रती करून ठेवतात आणि नेटवर्क कमजोर झालं की आपोआप हलकी प्रत देतात. साध्या सर्व्हरवर एकच फाइल असते. एकाच वेळी ५० जणांनी ती उघडली की सर्व्हर दमतो आणि प्रश्नपत्रिकेचं पानही उघडेनासं होतं.

थेट चढवणार असाल तर मर्यादा तपासा. मूडलसारख्या व्यवस्था पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतात आणि पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला अवघी २ एमबी असते. व्यवस्थापक ती वाढवतात, पण शिवाय संपूर्ण साइटची, अभ्यासक्रमाची आणि त्या-त्या कृतीची अशा वेगळ्या मर्यादा असतात. यातली सर्वांत लहान लागू होते. अपलोडच्या चौकटीपाशी आकडा लिहिलेला असतो, तो वाचूनच कामाला लागा.

यूट्यूबवर ठेवलात तर 'अनलिस्टेड'चा अर्थ नीट समजून घ्या. तो व्हिडिओ शोधात येत नाही, पण दुवा हाती असलेला कुणीही पाहू शकतो. विद्यार्थ्यांचे चेहरे किंवा नावं दिसणारं वर्गाचं रेकॉर्डिंग तिथे ठेवू नका. 'प्रायव्हेट' ठेवलेला व्हिडिओ धड्यात जोडला तर तुम्हाला दिसतो, विद्यार्थ्यांना नाही.

स्कॉर्म पॅकेज (कुठल्याही शिक्षण व्यवस्थेत चालावं म्हणून ठरलेल्या पद्धतीने बांधलेली धड्याची झिप फाइल) वापरत असाल तर जड व्हिडिओ आत कोंबू नका, एक चूक सुधारायला सगळं पॅकेज पुन्हा चढवावं लागतं. आणि झिप करताना फोल्डर नव्हे, फोल्डरच्या आतल्या फाइली निवडा. मॅनिफेस्ट नावाची, आत काय काय आहे ते सांगणारी फाइल झिपच्या पहिल्याच पातळीवर नसेल तर व्यवस्था पॅकेज नाकारते.

व्हिडिओ आपोआप सुरू होईल अशी रचना करू नका. २०१८ पासून क्रोम आवाजासह आपोआप सुरू होणं बहुतेक वेळा अडवतो, त्यामुळे तुमच्याकडे चालेल आणि दुसऱ्याकडे नाही.

पार्श्वसंगीत किंवा दुसऱ्याची चित्रफीत घेतली असेल तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'एनडी' ही अक्षरं असतील तर ती कृती बदलून पुढे देता येत नाही. आणि शिकवत असताना मागे संगीत कशाला? बोलण्यावर स्वर चढले की लक्ष फुटतं.

## १०. विद्यार्थी होऊन तपासा

तुमचा संगणक ही तपासणीची जागा नाही. त्यात सगळे कोडेक असतात, जोडणी वेगवान असते आणि तुम्ही शिक्षक म्हणून आत आलेले असता. आता तो जुना फोन काढा.

वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा. विद्यार्थ्याच्या खात्याने, ब्राउझरच्या खासगी खिडकीतून आत जा. मग क्रमाने: व्हिडिओ काही सेकंदांत सुरू होतो का? मधल्या मिनिटावर बोट ठेवलं तर तिथे उडी मारतो का? हेडफोनमध्ये दोन्ही कानांना आवाज येतो का? शेवटच्या मिनिटाला ओठ जुळतात का? स्लाइडवरची सर्वांत बारीक ओळ त्या पडद्यावर वाचता येते का? सबटायटल चालू-बंद होतात का? आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर एकेकदा पाहा, दुसरा नसेल तर मित्राचा मागून घ्या.

फाइल बदलून नवी टाकलीत तरी जुनीच दिसत राहिली तर घाबरू नका, ब्राउझरने साठवलेली प्रत ती दाखवत असतो. नव्या फाइलच्या नावात नवी तारीख असली की हा प्रश्न येत नाही.

प्रत्येक व्हिडिओखाली मी आता एक ओळ लिहितो: लांबी किती मिनिटं, आकार किती एमबी, ऑडिओ प्रत आणि उतारा कुठे आहे. त्याखाली अडचण कळवण्यासाठी तीन प्रश्न: कुठला फोन किंवा संगणक, कुठला ब्राउझर, आणि नेमकं कितव्या मिनिटाला अडलं. पूर्वी मला 'व्हिडिओ चालत नाही' एवढाच निरोप यायचा आणि मी अंदाज बांधत बसायचो. आता उत्तरातल्या तीन शब्दांवरून बहुतेक वेळा कळतं की वरच्या कुठल्या पायरीवर परत जायचं आहे.